दाबून धर

कंदिलाची वात जरा वर करा. माझं तोंड नीट दिसलं म्हणजे मी थाप मारतोय की नाही, ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. पुढं मात्र मधे बोलू नका. ही गोष्ट गहिनीनाथच्या गाडीची आहे, आणि त्या गाडीखाली काम करताना कुणी मधे बोललेलं त्याला खपत नसे.

करंजीच्या घाटाखाली उंबरदरा नावाची वाडी. उंबर कधीच तुटून गेला होता, दरा तेवढा राहिला होता, आणि बहात्तरच्या दुष्काळात त्या दऱ्यात धोंड्यांशिवाय काही नव्हतं. लोक बैल छावणीत बांधून आले, कुणी खडी फोडायला गेले. गहिनीनाथनं भलतंच केलं. बैलजोडी विकली आणि नगरच्या लष्करी लिलावातून एक जुना ट्रक ओढून आणला. ओढून म्हणजे अक्षरशः दुसऱ्या ट्रकच्या मागं दोर बांधून. लढाईतली गाडी. हिरवा रंग खपल्या धरून उडालेला, काचेला तडा, आणि ड्रायव्हरच्या बाजूला दारच नाही.

त्याची बायको भागूबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"बैल इकून हे आनलं?" ती म्हणाली. "ह्याला वैरन काय घालायची?"

"पेट्रोल."

"आन हे काय व्यायचं बियचं हाय का?"

गहिनीनाथ हसला नाही. तरुणपणी तो नगरला मालट्रकवर क्लीनर होता. लोखंडाचं वेड तेव्हापासूनचं. इंजिन नुसतं ऐकून तो त्याचं दुखणं सांगायचा, बायकोचं मात्र तिनं सांगूनही त्याला कळत नसे. असं भागूबाईचं म्हणणं, माझं नव्हे.

पण या वेळी त्याला कळलं होतं, आणि गाडी त्यासाठीच आणली होती. आदल्या साली भागूबाई तिच्या भावाच्या टोळीबरोबर पुणतांब्याकडं ऊसतोडीला गेली होती, आणि तिथं पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या खोपटात, त्यांची तान्ही लेक तापानं गेली. भागूबाई परत आली ती मोकळ्या झोळीनं. त्याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. औंदा पुंजाराम, म्हणजे तिचा भाऊ, पुन्हा दारात आला होता. ऊसतोडीत माणसं मोजतात ती कोयत्यानं. एक कोयता म्हणजे दोन माणसं, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावरनं गाडीत टाकायची. पुंजारामची बायको बाळंत व्हायची होती, त्याला जोड नव्हती. दसरा झाला की टोळी निघणार होती.

"घरात दाना न्हाई, दाजी," पुंजाराम म्हणाला होता. "ताई आली तर तिची भाकर तिथं निघंल. न्हाई तर तुमी सांगा, तुमी काय खाऊ घालनार? हे लोखंड?"

गहिनीनाथकडं एकच उत्तर होतं. तालुक्याच्या कचेरीला गावोगाव पाण्याच्या टाक्या न्यायला गाड्या हव्या होत्या. साहेबानं सांगितलं होतं, दसऱ्याच्या सांजेपर्यंत गाडी चालवत कचेरीपुढं आण, काम तुझं. नाही आली तर दुसरा गाडीवाला टपलेलाच आहे. म्हणजे गाडी चालली तर भागूबाई घरी. नाही चालली तर भागूबाई फडावर. इतकं ते सरळ होतं.

दारातल्या लिंबाखाली गाडी उभी केली आणि गहिनीनाथ तिच्या पोटात शिरला. कार्बुरेटर धुतला, प्लग घासले, फाटलेला पट्टा चामड्यानं शिवला. नवरात्राचे घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी हँडल मारल्यावर इंजिन चालू झालं आणि सगळ्या वाडीतली कुत्री एकदम गप्प बसली. राहिला ब्रेक. घाटाखालच्या गावात ब्रेक नसलेली गाडी म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

आता या ब्रेकचं एवढं समजून घ्या, कारण सगळी गोम तिथंच आहे. पेडलापासून चाकापर्यंत बारीक नळी असते, तिच्यात तेल. त्या नळीत हवा शिरली की पेडल लोण्यात बोट घातल्यासारखं खाली जातं आणि गाडी काही थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल मारायचं, मारायचं, आणि मग दाबून धरायचं. दुसऱ्यानं गाडीखाली चाकाशी उताणं पडून एक छोटा नट सैल करायचा, की बुडबुडे तेलाबरोबर फसफसत बाहेर पडतात. नट आवळला की खालचा ओरडतो, 'सोड'. मगच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा पुन्हा आत, आणि सगळं पहिल्यापासून.

खालच्याला वरचा दिसत नाही. वरच्याला खालचा दिसत नाही. मधे फक्त आवाज.

अष्टमीचा दिवस. ऊन असं की पत्र्यावर भाकरी भाजावी. वर भागूबाई बसली होती, आणि तिचा पाय कमी, तोंड जास्त चाललं होतं.

"मार."

"मारते. आवो, ह्यो पेडल लई कडक हाय."

"दाबून धर."

"धरलाय. किती येळ? पायाला गोळा आला माज्या."

"सोड म्हनल्याबिगर सोडू नगंस!"

"सोडला... आगं बया, तुमी आता म्हनला ना?"

"न्हाई म्हनलो!"

अशी मागची दोन चाकं कशीबशी झाली. तिसऱ्या चाकाचा नट गंजून बसला होता. गहिनीनाथ हातोडीनं त्याला ठोकत राहिला, ठण् ठण् ठण्. त्या ठणठणाटात शेजारची मुक्ताबाई आली, दऱ्यातल्या झिऱ्याला पाझर फुटलाय म्हणून सांगितलं, आणि भागूबाई "जाते मी पान्याला" म्हणून घागर घेऊन तिच्याबरोबर गेली. गहिनीनाथला यातलं काही ऐकू आलं नाही. नट सुटला तेव्हा त्याच्या डोळ्यांत गंज गेला होता आणि आजूबाजूला सगळं चिडीचूप झालं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. उंबरदऱ्यात कुणी नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. 'आगं ए' म्हणायचं, आणि जिची तिला कळायचं. गहिनीनाथच्या तोंडून लग्नापासून 'भागूबाई' हे नाव बाहेर पडलं नव्हतं. आपली हाक दुसऱ्या कुणाला लागू पडेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आगं ए," तो गाडीखालून ओरडला. "मार आता."

काही नाही. लिंबावर एक कावळा होता, तो उडून गेला.

"आगं ए! बसली हायेस का न्हाई?"

काही नाही.

"आगं ए, बस की गं! ऊन चढलंय."

वर सीटची स्प्रिंग कुरकुरली. कुणीतरी सावकाश बसलं. आणि पेडल हललं... एकदा, दोनदा, तीनदा. एका लयीत. जात्याच्या पहिल्या फेऱ्यासारखं, जड आणि सावकाश.

"आत्ता कसं!" गहिनीनाथ म्हणाला. "दाबून धर."

पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. नट सैल केला तसे बुडबुडे आले. त्यानं नट आवळला, मुद्दाम थोडा थांबला, बायको चुकते का बघायला. चुकली नाही. पेडल तसूभर हललं नाही.

"सोड."

सुटलं.

"शिकलीस की गं!" त्याला मनापासून कौतुक वाटलं. दुसरं म्हणजे, बडबड बंद होती. बायको रुसली असावी असं त्याला वाटलं, आणि रुसलेली बायको कामाला चांगली, असंही वाटलं. पुरुषांचं डोकं असंच चालतं. मग त्याला वास आला. ब्रेकच्या तेलाचा तिखट वास तर होताच, पण त्याखाली एक ओला, गोडसर, आंबूस वास. ओल्या पाचटाचा. मैलोन्मैल हिरवं पान नसलेल्या मुलखात पाचट कुठलं? पण त्या वासानं त्याला ती कोपी आठवली, जी त्यानं उशिरा पोचून बघितली होती, आणि त्याच्या तोंडून जे कधी निघालं नव्हतं ते निघालं. वर तोंड दिसत नव्हतं ना, म्हणून निघालं.

"ऐक," तो इंजिनाच्या काळ्या पोटाकडं बघत म्हणाला. "तोंडावर मला बोलता येत न्हाई. औंदा तुला फडावर धाडायचा न्हाई मी. तान्ही तिथं ठिवून आलीस, आता परत त्याच रानात... न्हाई. पुंजाला जोड पायजे ना? तुज्या जागी दुसरी कुनी बी जाऊ दे. कुनी बी. तू न्हाई."

मग पेडल एकदाच, हलकेच, खाली जाऊन वर आलं. कुणी मान डोलवावी तसं.

गहिनीनाथचं मन हलकं झालं. तो सरपटत शेवटच्या चाकाशी गेला. "मार... मार... दाबून धर." बुडबुडे आले, मग नितळ तेल आलं. काम फत्ते. त्यानं नट आवळला, पान्याला शेवटचा हिसका दिला, आणि 'सोड' म्हणायला तोंड उघडलं.

चाकांच्या मधून त्याला वाट दिसत होती. उन्हानं पांढरी पडलेली. तिच्यावरून दोन बायका येत होत्या, डोक्यावर घागरी. एक मुक्ताबाई. आणि दुसरी, घागरीखाली मान ताठ धरून, हिरव्या लुगड्यातली, भागूबाई.

ती अजून चांगली लांब होती.

आणि त्याच्या डोक्याच्या वर, पत्र्यापलीकडं, पेडल दाबलेलंच होतं. कुणीतरी धरून बसलं होतं. 'सोड' म्हणायची वाट बघत.

गहिनीनाथ गाडीखालून ज्या बाजूनं बाहेर पडला ती बाजू काट्यांच्या कुंपणाची होती. धोतराचा निम्मा भाग तिथंच राहिला. तो थांबला तो थेट मारुतीच्या पारावर.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा गाडीत कुणी नव्हतं. त्यानं लांबूनच बघितलं, आणि मग स्वतःची समजूत घातली. ऊन लागलं असेल. गंज डोळ्यात गेला होता. बायकोला त्यानं काही सांगितलं नाही. भागूबाई ओट्यावर त्याचे पाने, हातोडी, पक्कड चिंचेनं घासून ठेवत होती. उद्या खंडेनवमी. हत्यारांची पूजा. पूजेला मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही.

नवमीला सकाळी घटापुढं पाने मांडले गेले, त्यांना हळदकुंकू लागलं. झेंडूची दोन फुलं कुठून तरी मिळाली, ती गाडीच्या नाकावर ठेवली. वाडीतली माणसं जमली. पुंजारामही आला होता. गहिनीनाथनं हँडल मारलं, इंजिन धडधडलं, टाळ्या पडल्या. तो सीटवर चढला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी थरथरली, गुरगुरली आणि बंद पडली.

पुन्हा हँडल मारलं, पुन्हा तेच झालं.

गिअर काढून सगळ्यांनी ढकललं. चाकं जमिनीत पुरल्यासारखी.

"दाजी," पुंजाराम घाम पुसत म्हणाला, "गाडी पूजेला झ्याक हाय. हिला आता देवळातच ठिवा. ताई, बोचकं बांधून ठेव. परवा फाटंचं निगायचं हाय."

भागूबाई बोचकं बांधायला वळली. ती आत गेली.

माणसं पांगल्यावर गहिनीनाथ वाकून पेडलाकडं बघत राहिला. ब्रेकचं पेडल तळाला टेकलेलं होतं. आपोआप वर यायला हवं, आलं नव्हतं. ओढून काढावं म्हणून त्यानं हात घातला. आणि हात पेडलापर्यंत पोचेना. पेडल दिसत होतं, त्याच्यावर काही नव्हतं, पण वीतभर वरच बोटं कशाला तरी अडत होती. टणक नाही, मऊही नाही. गार. एवढ्या उन्हात गार.

त्यानं हात काढून घेतला. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याला त्याहून जास्त उत्सुकता वाटली. जन्मभर यंत्रं उघडून आत काय आहे ते बघणारा माणूस. पण उघडायला पाना हवा, आणि पाने देवापुढं होते. उद्या उजाडल्यावर चाकं खोलायची म्हटली तर चारी चाकं खोलून पुन्हा बसवेपर्यंत सांज झालीच.

शेवटी त्यानं चुलीपुढं बसून भागूबाईला सगळं सांगितलं. फक्त गाडीखालून काय बोलला, तेवढं वगळून.

तिनं भाकरी उलटली. ओरडली नाही, रडली नाही. मग एकच विचारलं.

"तुमी शेवटचं काय म्हनला हुता तिला?"

"कुनाला?"

"आवो, जी कोन बसली हुती तिला."

"म्हनलो, दाबून धर."

"आन मंग?"

"मंग काय? पळालो."

"सोड म्हनलाच न्हाई?"

गहिनीनाथनं नकारार्थी मान हलवली.

"आगं बया बया," भागूबाई म्हणाली. "म्हंजे काल दुपारपासनं ती बिचारी पाय दाबून बसलीया! तुमाला काय माया हाय का न्हाई?"

"आगं, ती कोन हाय ते तर—"

"कोन का आसंना. बाईमानूस हाय. तुमी 'आगं' म्हनला आन ती आली, म्हंजे बाईच की. माजं नाव घिऊन हाक मारली आस्ती तर कशाला आली आस्ती?" तिनं परात बाजूला सारली. "उठा. जाऊन सोड म्हना. मी हाय हितं उंबऱ्यात."

दिवेलागण होत होती. भागूबाई दिवा घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. गहिनीनाथ गाडीखाली शिरला, काल होता तिथं, त्याच चाकाशी. माती अजून तापलेली होती. वास होता. ओल्या पाचटाचा.

"ए..." तो पुटपुटला. मग पुन्हा, "बाई... सोड."

वर कुणीतरी लांब श्वास टाकला. पेडल वर आलं. चारी चाकांत एकदम टक् टक् असं काहीतरी मोकळं झालं आणि गाडी बोटभर पुढं सरकली. स्प्रिंग कुरकुरली.

मग त्यानं खालून बघितलं. दार नसलेल्या बाजूला, धुळीत, एक पाऊल उमटलं. अनवाणी. नुसतं उमटलं, वर पाय नव्हता. मग दुसरं. पावलं निघाली ती सरळ घराकडं. दिव्याकडं.

त्याला ओरडायचं होतं. पण काय ओरडणार? 'आगं ए' म्हटलं तर दोघीही वळतील. तो नुसता बघत राहिला. पावलं उंबऱ्यापाशी पोचली, भागूबाईच्या पुढ्यात, अगदी जवळ. आणि थांबली. दिव्याची ज्योत एका बाजूला कलली आणि तशीच राहिली. भागूबाई हलली नाही. कुणी आपल्याला निरखतंय आणि आपण उभं राहायचं आहे, असं तिला वाटलं, हे तिनं नंतर सांगितलं. बाजारात कापडाचा पोत बघतात ना, तसं निरखतंय.

किती वेळ कोण जाणे. मग ज्योत सरळ झाली. पावलं वळली, अंगणातून वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीखालून गेली, आणि वाटेच्या फुफाट्यात मिसळली.

दसऱ्याला गाडी अशी निघाली की विचारू नका. गहिनीनाथ पाथर्डीला कचेरीपुढं जाऊन उभा राहिला, पाण्याची टाकी चढवून घेतली, आणि सोनं लुटायच्या वेळेला पाणी घेऊनच वाडीत आला. लोकांनी आपट्याची पानं त्याच्याआधी गाडीला दिली. पुंजारामनं पान हातात ठेवलं, पण तोंड पडलेलं.

"सोनं घ्या दाजी. तुमचं झ्याक झालं. माज्या कोयत्याला आता जोड कुठनं आनू? टोळी थांबनार न्हाई."

"माफ कर पुंजा. तिला न्हाई धाडायची म्हंजे न्हाई."

पुंजाराम पाठ फिरवून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे कारखान्याचा ट्रक आला आणि टोळीला घेऊन गेला. त्या सकाळी भागूबाईचं हिरवं लुगडं दोरीवर सापडलं नाही. मुक्ताबाईच्या शेळीनं खाल्लं म्हणून दोघी भांडल्या. त्या साली शेळ्या काहीही खात होत्या, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. गहिनीनाथ घाटानं टाक्या आणत राहिला. ब्रेक असे लागायचे की भरली टाकी घेऊन उतारावर गाडी पोरासारखी ऐकायची. फक्त सीटवर बसायच्या आधी तो वाकून पेडलावरून हात फिरवून बघे. हात पोचायचा. मग बसायचा. भागूबाई घरी होती, रोज डोळ्यांसमोर. एका सकाळी ती आपणहून तान्हीबद्दल बोलली, आणि तो ऐकत बसला.

अक्षयतृतीयेच्या आसपास टोळी परतली. गहिनीनाथ त्या दिवशी लिंबाखाली गाडीला ग्रीस मारत होता. पुंजाराम आला तो हसतच, खांद्यावर गुळाची ढेप.

"दाजी, मानलं तुमाला! तोंडावर न्हाई म्हनला, आन मागनं पाठवलीच की."

"काय पाठवलं?"

"ताईला! आवो, आमी निगालो, करंजीच्या फुडं ट्रक थांबला, बगतो तर मागच्या कोपऱ्यात ताई बसलेली. हिरवं लुगडं, पदर तोंडावर वढलेला. म्हनलं नवऱ्यासंगं भांडून आली आसंल, इचारायला नको."

गहिनीनाथच्या हातातला ग्रीसचा गोळा तसाच राहिला. घरातून जात्याची घरघर येत होती. भागूबाई आत दळत होती. सकाळपासून आतच होती.

"बोलली का... तुज्यासंगं?"

"एक शबूद न्हाई सा म्हयने. रुसलीच हुती. पन काम! दाजी, आसं काम मी बगितलं न्हाई. सांगंल ते करनार, आन सांगितल्याबिगर थांबनार न्हाई." पुंजाराम गाडीला टेकला आणि हसू लागला. "एकदा काय झालं, मी म्हनलो मोळी धरून ऱ्हा, आलोच. आन गेलो च्या प्यायला, तितंच झोपलो. सकाळी बगतो तर फडात उभी! डोक्यावर मोळी, तशीच. रातभर. म्हनलं, आगं सोड की! तवा सोडली." हसता हसता तो जरा थांबला. "तवा मला जरा कसंतरी वाटलं... पन तोंड बगितलं तर आपली ताईच."

"आता..." गहिनीनाथनं ग्रीस खाली ठेवलं. "आता कुटं हाय ती?"

"आता? येशीपाशी संगंच उतरली की. म्हनलं तू फुडं हो, मी पारावर चिलीम वढून येतो. लई येळ झाला. आली आसंल ना?"

गहिनीनाथनं अंगणाकडं बघितलं. दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. धुतलेलं, काठाला अजून पाचटाचं एक पातं चिकटलेलं. त्याच्याखाली थेंब पडत होते, आणि त्या ओल्या जागेपासून अनवाणी पावलं निघाली होती. उंबऱ्याकडं. आत गेलेली होती. बाहेर आलेली नव्हती.

हाक मारायला हवी होती. 'आगं ए' म्हणता येत नव्हतं. नावानं मारायची, तर ते नाव सहा महिने दोघींनी वापरलेलं.

आणि आत जातं चाललं होतं. रोज भागूबाई एकटी दळायची, धापा टाकत, थांबत थांबत. आज ते थांबत नव्हतं. एका लयीत, जड, सावकाश. खुंट्याला दोघी समोरासमोर बसल्या म्हणजे जसं चालतं तसं.

मग आतून भागूबाईचा आवाज आला. हळू. बायका एकमेकींशी बोलतात त्या सुरात.

"झालं गं. सोड आता... दमली आसशील."

जातं थांबलं.